पाळी जाऊन तीन वर्षं झाली, जवळ येणं दुखतं. हे नवऱ्याला कसं सांगू?

पाऊलवाट

हा धागा तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. आज घरात एकटी आहे, म्हणून एका दमात लिहून टाकते.

वय ५२. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घामानं उशी ओली होणं, कारण नसताना चिडचिड, हे सगळं होऊन गेलं. त्याबद्दल बायका आपसात बोलतात, मीही बोलले. ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते मात्र अजून चालू आहे आणि वाढतंय. संबंधांच्या वेळी दुखतं. पहिल्या वर्षी नुसतं ओढल्यासारखं व्हायचं. आता सुरुवातीलाच कागदाच्या कडेनं बोट कापावं तशी चिरण होते. नंतर दोन दिवस लघवीला बसायची भीती वाटते, इतकी आग होते. गेल्या वर्षभरात तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. तिन्ही वेळा गोळ्यांचा कोर्स घेतला, पुन्हा पुन्हा का होतंय हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दीड महिन्यापूर्वी संबंधांनंतर पुसताना फिकट गुलाबी डाग दिसला. एकदाच.

त्यानंतर मी रात्रीची कामं लांबवायला लागले. पुसलेला ओटा पुन्हा पुसते. उद्याचे कपडे काढून ठेवते, घडी मोडून पुन्हा घालते. यांच्या श्वासाचा आवाज जड झाला, म्हणजे झोप लागली, की मग खोलीत जाते. मागच्या आठवड्यात आत गेले तर हे जागेच होते. दिवा न लावता म्हणाले, "तुला मी नकोसा झालोय का?" मी म्हटलं, दमलेय. ते कुशीवर वळले, पण हात मागे चादरीवर तसाच राहिला, तळवा वर करून. मी तो बघत होते. हातात घ्यावासा वाटत होता आणि घेतला नाही. हात धरला की पुढचं सगळं आलं, हे डोक्यात इतकं बसलंय की आता मी साधा हातही धरत नाही. लग्नाला २७ वर्षं झाली. मला हे नकोसे झालेले नाहीत. मला ते दुखणं नको आहे.

एका डॉक्टरबाईंकडे गेले होते. मोठ्या मुश्किलीनं "कोरडेपणा" एवढा एकच शब्द तोंडातून निघाला. कागदावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, या वयात हे व्हायचंच. एक क्रीम लिहून दिलं. घरी येऊन आतला कागद वाचला तर स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या. ट्यूब तशीच कपाटात मागे सारून ठेवलीय, सील न फोडता.

हे खरंच वयाचं म्हणून सोसायचं असतं का? ते क्रीम वापरायचं का? आणि नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगू? माझ्याकडे या गोष्टींसाठी शब्दच नाहीत, शिव्या आणि डॉक्टरी नावं सोडली तर.


दवाखान्यातली

पाऊलवाट, मी २२ वर्षं स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे. बाकीच्या प्रश्नांवर इथल्या बायका लिहितीलच. मी आधी फक्त त्या गुलाबी डागाबद्दल लिहिते, कारण तुमच्या लिहिण्यात तो एका ओळीत उरकलाय आणि माझ्या दृष्टीनं तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर रक्त दिसलं, एकदाच, थेंबभर, गुलाबी, तपकिरी, कसंही, तर ते तपासून घ्यायचंच. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: पातळ झालेली त्वचा फाटलेली असते, नाहीतर एखादा छोटा मांसल कोंब (पॉलिप) असतो. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर ज्यांना होतो त्यातल्या दहापैकी नऊ बायकांना पहिली खूण हीच दिसलेली असते, आणि तेव्हा पकडला तर बहुतेकींचा तो बरा होतो. म्हणून "एकदाच झालं" हे कारण आम्ही ऐकून घेत नाही.

तपासणीला घाबरू नका. आतून सोनोग्राफी करतात आणि अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर जीव भांड्यात पडतो. जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर अस्तराचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवतात. बाहेरची त्वचा आणि गर्भाशयाचं तोंडही डोळ्यांनी बघायला सांगा. सोनोग्राफीचा प्रोब आत जातो. तुम्हाला दुखतं हे आधी सांगा म्हणजे हळू घालतील, भरपूर जेली लावतील, आणि थांबा म्हटलं की थांबतील. हे सांगणं तुमचा हक्क आहे.

तपासणी होईपर्यंत त्या क्रीमला हात लावू नका. त्या कागदावरून ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं क्रीम दिसतंय, आणि आत रक्त कशामुळे आलं हे कळल्याशिवाय इस्ट्रोजेन सुरू करायचं नसतं. सील फोडलं नाहीत हे या एका कारणासाठी बरंच झालं.

आणखी एक. दुखणं दर वेळी कोरडेपणाचंच असतं असं नाही. बाहेरच्या त्वचेवर पांढुरके, चमकदार चट्टे असतील, रात्री खाज सुटत असेल, खाजवल्यावर चीर पडत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. त्याला स्टेरॉइडचं मलम लागतं, नुसत्या इस्ट्रोजेननं तो जात नाही. माझ्यासमोर अशा बायका आल्या आहेत ज्यांनी वर्षानुवर्षं बुरशीची मलमं लावली, कारण कुणी नीट उजेडात बघितलंच नव्हतं. घरी हातआरशात बघा. आपलं अंग आपण बघण्यात लाजायचं काही नाही.


पाऊलवाट

हातआरसा. मी ५२ वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

बघितलं. पांढरे चट्टे दिसले नाहीत. त्वचा फिकट आणि ताणल्यासारखी दिसली. सोमवारची वेळ घेतलीय, वेगळ्या डॉक्टरांकडे. फोनवर तिथल्या दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, पाळी गेल्यावर रक्त दिसलं. म्हटलं गेलं.


मंजिष्ठा

पाऊलवाट, तुमचं ते चादरीवरच्या हाताचं वाचलं आणि उठून पाणी प्यायले. मी ५८ ची आहे. माझी पाळी ४९ ला गेली आणि पुढची पाच वर्षं मी हेच केलं जे तुम्ही करताय. माझ्या बाबतीत ओटा नव्हता, पुस्तक होतं. रात्री एक वाजेपर्यंत वाचायचे आणि कोणतं पान वाचलं ते सकाळी आठवायचं नाही.

वयाचं म्हणून सोसायचं का? नाही. चष्मा लागणंही वयाचंच असतं, तरी आपण चष्मा लावतो. गरम वाफा काही वर्षांत बहुतेक जणींच्या कमी होतात, हे दुखणं मात्र आपोआप जात नाही, उपचार केला नाही तर वाढत जातं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी "हेही दिवस जातील" म्हणत बसले आणि पाच वर्षं घालवली.

आत नेमकं काय होतं ते मला कळल्यावर अर्धी लाज तिथेच गळून पडली, म्हणून सांगते. पाळी चालू असते तेव्हा इस्ट्रोजेनमुळे योनीच्या आतलं अस्तर जाड, घडीदार, ओलसर असतं. त्या अस्तरातली साखर खाऊन तिथले चांगले जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे वाईट जंतू वाढत नाहीत. पीएच, म्हणजे आम्ल मोजायचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ४.५ च्या खाली राहतो. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ होतं, घड्या सपाट होतात, चांगले जंतू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो. मूत्रमार्गाची त्वचाही त्याच हार्मोनवर पोसलेली, तीही पातळ होते. म्हणून तुमचं लघवीचं इन्फेक्शन आणि तुमचं दुखणं ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. मला हे कळलं तेव्हा रडू आलं होतं, कारण लघवीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना मी कधी दुसरी गोष्ट सांगितली नव्हती आणि त्यांनी विचारली नव्हती. २०१४ साली या सगळ्याला मिळून एक नाव दिलं गेलं, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, म्हणजे जननेंद्रिय आणि मूत्रमार्ग दोन्ही आले. त्याआधी "अट्रॉफिक व्हजायनायटिस" म्हणायचे, जणू काही सुकून गेलेलं. मला तो शब्द आवडत नाही.

आता त्या क्रीमच्या कागदाचं. माझाही तोच कागद, तीच भीती. मला क्रीमऐवजी योनीत ठेवायची छोटी गोळी दिली होती, एका गोळीत १० मायक्रोग्रॅम एस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. आमच्या डॉक्टरांनी समोर कागद ओढला आणि हिशोब मांडला. पहिले १४ दिवस रोज एक, म्हणजे १४०. नंतर आठवड्यातून दोन, ५० आठवडे, म्हणजे १०० गोळ्या, १,००० मायक्रोग्रॅम. वर्षाचे एकूण १,१४०. मग म्हणाले, पोटातून घ्यायची इस्ट्रोजेनची गोळी १ किंवा २ मिलिग्रॅमची असते, म्हणजे १,००० ते २,००० मायक्रोग्रॅम, आणि ती रोज घेतात. तुम्ही वर्षभरात जेवढं वापरणार तेवढं पोटातून घेणारी बाई एका-दोन दिवसांत घेते. रक्तातलं इस्ट्रोजेन यानं पाळी गेलेल्या बाईचं असतं त्याच पातळीत राहतं. कागदावरचे ते इशारे मुख्यतः पोटातून घेतल्या जाणाऱ्या हार्मोन्सच्या अभ्यासातून आलेले आहेत, तो अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवला होता. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या रोज तोंडावाटे दोन हार्मोन्स घेत होत्या. तेच इशारे उचलून योनीत लावायच्या औषधाच्या डबीतही घातले गेले.

क्रीमचं माप गोळीपेक्षा वेगळं असतं, ते तुमच्याच डॉक्टरांकडून घ्या, आणि ट्यूबबरोबरच्या नळीवर खूण कुठे आहे ते त्यांच्यासमोर बोट ठेवून विचारा. मी पहिल्यांदा नळी पूर्ण भरत होते. कुणाला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घ्यायचं नाही.

धीर धरा. मला तीन आठवड्यांनी थोडा फरक वाटला, नीट वाटायला जवळजवळ तीन महिने लागले. आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका, बंद केलं की काही आठवड्यांत पुन्हा तेच. मी एकदा करून पाहिलंय.

बाजारात दोन गोष्टी मिळतात आणि बायका त्यात गल्लत करतात. एक मॉइश्चरायझर, ते आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं, संबंध असोत वा नसोत, चेहऱ्याला लावतो तसं. दुसरं ल्युब्रिकंट, ते त्या वेळी लावायचं, दोघांनीही. एक असलं तरी दुसरं लागतंच. विकत घेताना मागची बाजू वाचा. ज्यानं आग होते ते टाकून द्या, "सवय होईल" म्हणून लावत राहू नका. गरम वाटणारं, थंड वाटणारं, वासाचं काही घेऊ नका. खूप ग्लिसरीन असलेल्या घट्ट जेली त्वचेतलं पाणी उलट ओढून घेतात. आतून साबणानं धुणं आजपासून बंद. बाहेरून साधं पाणी पुरतं. आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनीही कोरडेपणा येतो, त्या चालू असतील तर डॉक्टरांना नावं सांगा.

एवढं सगळं करूनही मला दुखतच होतं, हे लिहायलाच हवं. त्वचा बरी झाली होती पण शरीर विसरलं नव्हतं. यांनी खांद्यावर हात ठेवला तरी माझे ओटीपोटाच्या तळाचे, योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळायचे, दात आवळावेत तसे. आवळलेल्या स्नायूंवर दाब आला की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी आणखी आवळतं. मी कुठेतरी वाचून केगलचे व्यायाम सुरू केले आणि त्रास वाढला, कारण मला आवळायला शिकायचं नव्हतं, सोडायला शिकायचं होतं. ओटीपोटाच्या तळाच्या या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. त्यांनी मला पहिल्या दिवशी नुसता श्वास शिकवला. पोट फुगवत श्वास घ्यायचा आणि श्वासाबरोबर बैठकीची जागा खाली उतरतेय असं मनात आणायचं, लघवी सुरू करताना सोडतो तसं. सहा आठवडे.

आणि नवऱ्याला काय सांगायचं. मी रात्री सांगितलं नाही, पलंगावर तर मुळीच नाही. फिरायला गेलो होतो तेव्हा चालता चालता सांगितलं. शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही. वाक्य मी आधी पाठ केलं होतं: "मला तुम्ही हवे आहात. माझी आतली त्वचा पातळ झालीय, त्यामुळे जखम होते. उपचार सुरू केलेत, तीन महिने लागतील. तोपर्यंत आत काही नको, बाकी सगळं हवंय." हे त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मला वाटलं मी म्हातारा झालो म्हणून तुला किळस येते.

"आत काही नको" हे स्पष्ट ठरवल्याचा फायदा लगेच झाला. हात धरला तर पुढचं सगळं आलं, ही जी तुमची भीती आहे ना, ती त्या एका वाक्यानं गेली. पुढे काही येणार नाही हे दोघांना ठाऊक होतं, म्हणून हात धरता आला. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून झोपले.


जुना_शिक्षक

पुरुषानं या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. पण ताई, तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो. वय ६१. आयुष्यभर विज्ञान शिकवलं. प्रजननसंस्थेचा धडा दर वर्षी शिकवला आणि घरी बायकोला एक प्रश्न विचारू शकलो नाही.

तिच्या चेहऱ्यावर वेदना दिसायची. ती काही बोलायची नाही, डोळे घट्ट मिटून घ्यायची. मला वाटायचं माझ्यामुळे होतंय, आणि मी मध्येच थांबायचो. काही महिन्यांनी अशी वेळ आली की माझ्याच शरीरानं साथ देणं सोडलं. ताठरता यायची नाही, आली तर टिकायची नाही. मी धरून चाललो की भीतीमुळे होतंय. तिनं धरलं की ती मला आवडेनाशी झालीय. दीड वर्ष आम्ही एका खोलीत दोन वेगवेगळ्या समजुती घेऊन झोपलो.

यातला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग पुढचा आहे. एका ओळखीच्यानं ताठरतेची ती प्रसिद्ध गोळी आणून दिली, व्हायग्रा, १९९८ साली बाजारात आली ती. सुदैवानं घेण्याआधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळी बाजूला ठेवली आणि रक्तदाब घेतला: १६० वर ९६. उपाशीपोटी साखर १४८ आली. मला दोन्ही माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं ते एखाद्या विद्यार्थ्याला समजावं इतकं साधं होतं. लिंगातल्या रक्तवाहिनीचा व्यास १ ते २ मिलिमीटर असतो, हृदयाच्या वाहिनीचा ३ ते ४. वाहिन्यांच्या आत थर जमायला लागला की बारीक वाहिनी आधी अडते. म्हणून ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयाच्या तक्रारीच्या दोन-तीन वर्षं आधी दिसते. ते म्हणाले, तुम्ही लाजून आणखी दोन वर्षं आला नसतात तर कदाचित छातीत दुखून आला असतात.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न: पहाटे झोपेत ताठरता येते का? येत असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्याच अंशी ठीक, अडचण मनात जास्त. मला येत नव्हती. रक्तदाबाच्या काही औषधांमुळेही असं होतं, अशा वेळी गोळी आपण होऊन बंद करायची नाही, बदलून मागायची. आणि ज्यांना छातीत दुखण्यासाठी नायट्रेटचं औषध चालू आहे त्यांनी त्या प्रसिद्ध गोळीच्या जातीची कोणतीही गोळी घ्यायची नाही, रक्तदाब एकदम इतका खाली येतो की जीव जाऊ शकतो. ओळखीच्यांकडून गोळ्या घेणाऱ्या सगळ्या पुरुषांना हे हात जोडून सांगतो.

सिगारेट सोडली. रोज ४० मिनिटं चालतो. आठ महिन्यांनी साखर आटोक्यात आली आणि थोडं थोडं बाकीचंही.

ताई, मिस्टरांनी तुम्हाला अंधारात तो प्रश्न विचारला. आमच्यासारख्याच्या तोंडून तो सहज निघत नाही. त्याला त्यांनी फार धीर गोळा केला असेल. उत्तर उशिरा दिलंत तरी चालेल, पण द्या.


पुन्हा_एकदा

सगळे नवऱ्याबद्दल लिहितायत. माझ्यासारख्याही असतात म्हणून थोडं. मी ५४, घटस्फोटित, गेल्या वर्षी नव्यानं एक माणूस आयुष्यात आला. पाळी नाही म्हणजे दिवस जाण्याची भीती नाही, म्हणून कंडोम कशाला, असं आम्हा दोघांना वाटत होतं. माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पातळ त्वचेला चिरा लवकर पडतात आणि त्यातून संसर्ग सोपा होतो, लैंगिक आजार वय विचारून येत नाहीत. क्लॅमिडिया तर बहुतेक बायकांना काही लक्षणच देत नाही. आम्ही दोघांनी तपासण्या केल्या, एचआयव्हीची ४५ दिवसांनी पुन्हा केली, तोपर्यंत कंडोम. रिपोर्ट घेऊन एकमेकांसमोर बसलो होतो तो अर्धा तास मला लग्नातल्या १९ वर्षांपेक्षा जास्त जवळचा वाटला.

मंजिष्ठाताईंच्या ल्युब्रिकंटमध्ये भर: लेटेक्सच्या कंडोमबरोबर तेल, व्हॅसलीन, तेलाचं क्रीम काही चालत नाही, काही मिनिटांत रबर कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्या. योनीत ठेवायच्या काही औषधांतही तेलकट घटक असतात, तेही विचारून घ्या.

आणि ज्यांची पाळी नुकती थांबलीय त्यांनी गर्भनिरोधक लगेच सोडू नका. पन्नाशीनंतर थांबली असेल तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीच्या आत थांबली असेल तर दोन वर्षं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी शेवटची कधी केली ते आठवत नसेल तर त्याच भेटीत करून घ्या.


पाऊलवाट

अकरा आठवड्यांनी लिहितेय. मध्ये रोज हा धागा वाचत होते.

सोनोग्राफीत अस्तर ३ मिलिमीटर निघालं. या डॉक्टरबाईंनी दिवा ओढून घेतला, नीट बघितलं आणि आरसा धरून मलाही दाखवलं: हा बघा, खालच्या कडेला, इथे चीर होती, इथून रक्त आलं. एक पट्टी आत टेकवली, तिचा रंग बदलला, पीएच ६. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही त्याच दिवशी झाली, ठीक आहे. मी आधीच्या डॉक्टरबाईंबद्दल काही बोलले नाही. घरी येऊन त्या कपाटातल्या ट्यूबचं सील फोडलं. नळीवरच्या खुणेवर त्यांनी पेनानं रेघ मारून दिलीय. लघवीची आग पाचव्या आठवड्यात थांबली, त्यानंतर एकदाही इन्फेक्शन नाही. रात्री आता एकदाच उठावं लागतं, आधी तीनदा उठायचे, आणि झोप सलग लागली की दिवसभर माणसासारखं वाटतं.

यांना सांगितलं. मंजिष्ठाताईंचं वाक्य पाठ केलं होतं पण ऐन वेळी सगळं विसरले. फिरायला गेलो होतो, वळणावर थांबले आणि नुसतं म्हटलं, "त्या रात्री तुम्ही विचारलंत ना, त्याचं उत्तर नाही असं आहे. नकोसे नाही. दुखतं मला." मग फोनवर हा धागा उघडून दिला. त्यांनी तिथेच उभं राहून पूर्ण वाचला. शिक्षकांचं लिहिणं दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला गेले. साखर ठीक आहे, रक्तदाब थोडा वर आहे, औषध सुरू झालंय. शिक्षक, तुम्ही दोन दिवस विचार करून लिहिलंत, ते आमच्या घरी पोचलं.

आतलं काही अजून सुरू केलेलं नाही. मागच्या रविवारी दोघांना वाटलं म्हणून थोडा प्रयत्न केला, आग झाली नाही, पण तुम्ही लिहिलंय तसं आपोआप आवळलं आणि मी थांबा म्हटलं. हे थांबले. एवढ्या वर्षांत मी "थांबा" पहिल्यांदा म्हटलं.

डॉक्टरबाईंनी फिजिओथेरपिस्टचं नाव दिलंय. गुरुवारी जायचंय. ताई, पहिल्या दिवशी तिथे काय करतात? लगेच आत तपासतात का?


मंजिष्ठा

नाही, घाबरू नका. पहिला अर्धा-पाऊण तास नुसत्या गप्पा. बाळंतपणं किती, टाके पडले होते का, लघवी धरून ठेवायची सवय आहे का, पोट साफ होतं का, कंबर दुखते का, कुठल्या क्षणी आवळतं. दिवसातून किती वेळा लघवीला जाता ते तीन दिवस आधी लिहून नेलंत तर बरं. मग झोपवून पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला हात ठेवून श्वास बघतात. आतली तपासणी करायची असेल तर आधी विचारतात, एका बोटानं, जेली लावून, आणि तुम्ही आज नको म्हटलंत तर पुढच्या वेळी. मी पहिल्या दोन्ही वेळा नको म्हटलं होतं. तिसऱ्या वेळी मीच हो म्हटलं. सैल कपडे घाला आणि हवं तर यांना बरोबर न्या, माझे बाहेरच्या बाकावर बसले होते.